आर्डन स्ट्रीटवरची नवी मुले

नॉर्थ मेलबर्न फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांचा सण सप्टेंबरात येत नाही, तो नोव्हेंबरात येतो. सप्टेंबरात ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगच्या अंतिम फेऱ्या होतात आणि त्यांत आमचा संघ २०१६ नंतर एकदाही पोहोचलेला नाही. नोव्हेंबरात मात्र ड्राफ्ट असतो. त्यात लीगमधले अठरा क्लब देशभरातल्या अठरा वर्षांच्या मुलांमधून आपापली निवड करतात आणि या निवडीचा क्रम गुणतक्त्याच्या उलट असतो, म्हणजे तळाच्या संघाला पहिला मान. २०२० मध्ये आम्ही सतरावे होतो, २०२१ आणि २०२२ मध्ये अठरावे, पुढची दोन वर्षे पुन्हा सतरावे आणि २०२५ मध्ये सोळावे. एवढ्या सातत्याने हरणाऱ्या क्लबच्या वाट्याला लीगमधली उत्तमोत्तम मुले येणारच. त्यामुळे गेली काही वर्षे मी मेलबर्नच्या पश्चिमेच्या उपनगरातल्या माझ्या घरी, ज्यांचे मिसरूड नुकतेच फुटले आहे अशा मुलांचे व्हिडिओ पाहत, त्यांच्यावर नको इतकी भिस्त ठेवत नोव्हेंबर घालवते.

हा खेळ ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मैदान क्रिकेटच्या मैदानासारखे लंबवर्तुळाकार असते, खरे तर बहुतेक ठिकाणी ते क्रिकेटचेच असते. दोन्ही बाजूंना अठरा-अठरा खेळाडू, चार क्वार्टर, चेंडू लांबट आणि टोकदार. मधल्या दोन खांबांतून लाथेने मारलेल्या चेंडूला सहा गुण आणि बाजूच्या खांबांतून गेलेल्याला एक. इथले लोक याला नुसते ‘फुटी’ म्हणतात. मेलबर्नमध्ये हिवाळा काढायचा असेल, तर कोणत्या तरी एका क्लबचे होऊन जावे लागते, नाहीतर सोमवारी सकाळी कार्यालयात बोलायला विषय उरत नाही. मी नॉर्थची झाले याचे एक कारण त्यांचा ‘द हडल’ हा उपक्रम होता. आर्डन स्ट्रीटवरच्या क्लबच्या जागेत २०१० मध्ये सुरू झालेला हा उपक्रम स्थलांतरित आणि निर्वासित कुटुंबांतल्या मुलांना अभ्यासात आणि खेळात हात देतो. दुसरे कारण असे की २००७ च्या डिसेंबरात लीगने देऊ केलेला पैसा नाकारून गोल्ड कोस्टला न जाण्याचा निर्णय या क्लबने घेतला होता, आणि जागा सोडायला नकार देणाऱ्यांविषयी, स्वतः जागा सोडून आलेल्या माणसाला, एक विचित्र आदर वाटतो.

ड्राफ्टची पद्धत बाहेरून पाहणाऱ्याला क्रूर वाटेल. ज्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत मुलगा अठरा वर्षांचा होतो त्या वर्षी तो निवडीला पात्र ठरतो. व्हिक्टोरियातली बरीचशी मुले ड्राफ्टच्या जेमतेम काही दिवस आधी बारावीचा शेवटचा पेपर देऊन मोकळी झालेली असतात. कोणत्या शहरात जायचे, कोणत्या रंगाचा जर्सी घालायचा, हे त्यांच्या हातात नसते. नाव पुकारले गेले की पर्थचा मुलगा मेलबर्नला आणि मेलबर्नचा मुलगा अॅडलेडला. मुंबईत मैदानावरचा मुलगा शालेय स्पर्धांतून, कांगा लीगमधून चढत मुंबईच्याच संघात पोहोचतो आणि त्याच्या यशात त्याचे मैदानही सामील असते. इथे सुरुवातच उपटून लावण्याने होते. पाठीराखे मात्र त्याआधी कित्येक महिने, उपवर मुलाची माहिती जमवावी तशी, या मुलांची माहिती जमवत असतात. उंची किती, वीस मीटर धावायला किती सेकंद लागतात, वडील कोणत्या क्लबकडून खेळले, गुडघा कधी दुखावला होता का, घराची ओढ फार आहे का. शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, हे आम्हांला जेसन हॉर्न-फ्रान्सिसने शिकवले.

हॉर्न-फ्रान्सिस हा दक्षिण ऑस्ट्रेलियातला मुलगा २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकाने नॉर्थकडे आला. अंगापिंडाने मोठ्या माणसासारखा, चेंडूवर तुटून पडणारा. त्याच्या नावाचे जर्सी घातलेली लहान मुले डॉकलंड्सच्या मैदानावर दिसू लागली होती. २०२२ चा हंगाम क्लबसाठी भयंकर गेला. अख्ख्या हंगामात दोन विजय मिळाले, जुलैमध्ये प्रशिक्षक डेव्हिड नोबल गेले, आणि हंगाम संपता संपता हॉर्न-फ्रान्सिसने घरी परतायचे आहे असे सांगितले. दोन वर्षांच्या करारातले एक वर्ष शिल्लक असताना तो पोर्ट अॅडलेडला गेला. त्यानंतर नॉर्थविरुद्ध तो खेळायला उतरला की चेंडू त्याच्याकडे जाताच प्रेक्षक त्याची हुर्यो उडवू लागले. मला ती हुर्यो कधी पटली नाही. एकोणीस वर्षांच्या मुलाने, जिथे त्याला विचारून आणले नव्हते तिथून परत जायचे म्हटले, यात फसवणूक कुठे आहे? तरी ती हुर्यो कुठून येते हेही मला कळत होते. आम्ही त्याच्यावर इतके काही ठेवले होते की तो निघाला तेव्हा ते सगळे घेऊन निघाल्यासारखे वाटले.

त्या व्यवहाराचा हिशेब मात्र वेगळाच निघाला. चार क्लबांमधल्या त्या गुंतागुंतीच्या अदलाबदलीत नॉर्थने त्या वर्षीची आपली पहिल्या क्रमांकाची निवडही सोडून दिली आणि बदल्यात दुसरी आणि तिसरी मिळवली. ब्रिस्बेनला, वडील त्याच क्लबकडून खेळलेले असल्यामुळे, विल अॅशक्रॉफ्टवर हक्क होता. त्यांनी तो बजावला आणि आमच्या निवडी एकेक पायरी खाली घसरून तिसरी आणि चौथी झाल्या. तिसऱ्यावर हॅरी शीझल आला, चौथ्यावर जॉर्ज वॉर्डलॉ. अॅशक्रॉफ्टने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळवली आणि दोन्ही अंतिम सामन्यांत सर्वोत्तम खेळाडूचे नॉर्म स्मिथ पदकही त्यानेच पटकावले, हे वाचताना माझ्या मनात जे येते ते ललित लेखात लिहिण्यासारखे नाही.

शीझलचा पहिला सामना २०२३ च्या हंगामाच्या पहिल्याच फेरीत, वेस्ट कोस्टविरुद्ध झाला. नवे प्रशिक्षक अॅलिस्टर क्लार्कसन यांचाही नॉर्थचे प्रशिक्षक म्हणून तो पहिलाच सामना. मेलबर्नच्या ज्यू समाजातला हा सडपातळ मुलगा शालेय वयात आघाडीच्या फळीत गोल करण्यासाठी ओळखला जात होता, पण क्लार्कसननी त्याला मागे, बचावफळीच्या कडेला उभे केले, जिथून चेंडू बाहेर काढून पुढे द्यायचा असतो. त्या दिवशी त्याने ३४ वेळा चेंडू मिळवून पुढे दिला. आकड्यापेक्षा मला त्याची शांतता लक्षात राहिली. चार जण अंगावर येत असताना तो अर्धा क्षण थांबत असे, जणू त्याला कोणती घाई नाही, आणि मग चेंडू नेमका मोकळ्या माणसाकडे जात असे. आम्ही तो सामना पाच गुणांनी जिंकलो. वर्षअखेर त्याला लीगमधल्या सर्वोत्तम नवोदिताचा ‘रायझिंग स्टार’ पुरस्कार मिळाला आणि क्लबचे सर्वोच्च सिड बार्कर पदकही. पहिल्याच वर्षातल्या मुलाला क्लबचा सर्वोत्तम खेळाडू ठरवावे लागते तेव्हा ते त्याचे कौतुक असते, आणि इतर सगळ्यांविषयी न बोललेले एक वाक्यही असते.

मैदानात माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक वृद्ध गृहस्थ बसतात. त्यांनी १९७५ चे, या लीगमधले क्लबचे पहिले विजेतेपद आर्डन स्ट्रीटच्या मुलाच्या नजरेने पाहिलेले आहे. कोणत्याही नव्या मुलाबद्दल मी उत्साहाने काही बोलू लागले की त्यांचे उत्तर ठरलेले असते, पन्नास सामने होऊ देत. हे त्यांचे एकट्याचे मत नाही, फुटीच्या जगातला तो जुना अंदाज आहे. एका हंगामात तेवीस सामने असतात, दुखापती आणि राखीव संघातले आठवडे वजा केले तर पन्नास सामन्यांना तीन वर्षे जातात. तोवर मुलाचे शरीर भरते, त्याला खेळाचा वेग कळतो आणि आपण कोणत्या जागेसाठी बनलो आहोत हे त्याला आणि प्रशिक्षकांना समजते. ल्यूक डेव्हिस-युनियाकी २०१७ मध्ये चौथ्या क्रमांकाने आला. त्याची पहिली वर्षे दुखापतींत आणि चाचपडण्यात गेली, ‘वाया गेलेली निवड’ असे त्याच्याबद्दल बोलले गेले, आणि मग २०२२ च्या सुमारास, सगळा संघ कोसळत असताना, तो मधल्या फळीतला लीगमधल्या उत्तम खेळाडूंपैकी एक होऊन उभा राहिला. त्याच्या पाचव्या वर्षी. याउलट २०२० मध्ये तिसऱ्या क्रमांकावर घेतलेल्या विल फिलिप्सचे एक अख्खे वर्ष ग्लँड्युलर फिव्हर या आजाराने खाल्ले. त्यात निवड करणाऱ्यांचे काय चुकले आणि मुलाचे काय चुकले?

आता २०२३ च्या ऑगस्टविषयी, कारण पाठीराखा म्हणून माझी खरी परीक्षा तेव्हा झाली. त्या वर्षी पहिले दोन सामने जिंकून आम्ही पुढचे वीस सामने ओळीने हरलो होतो. शेवटच्या फेरीआधी वेस्ट कोस्टचे तीन विजय होते, आमचे दोन. आमचा शेवटचा सामना होबार्टला गोल्ड कोस्टविरुद्ध होता. हरलो असतो तर तळाला राहून ड्राफ्टमधला पहिला क्रमांक आमचा होता, आणि त्या वर्षी पहिल्या क्रमांकाचा अर्थ हार्ली रीड असा होता. टोंगाला या छोट्या गावातल्या त्या मुलाबद्दल दोन वर्षे आधीपासून असे बोलले जात होते की पिढीत एखादाच असा जन्मतो. जिंकलो तर रीड वेस्ट कोस्टचा. माझ्या ओळखीतले समंजस, नोकरीपेशातले, मुलांना खिलाडूवृत्तीचे धडे देणारे लोक त्या आठवड्यात उघडपणे पराभवाची प्रार्थना करत होते.

अशा प्रार्थनेला या खेळात वाईट इतिहास आहे. मेलबर्न क्लबच्या २००९ च्या हंगामाची लीगने नंतर चौकशी केली. मुद्दाम हरल्याचा आरोप क्लबवर सिद्ध झाला नाही, तरी २०१३ मध्ये पाच लाख डॉलरचा दंड झाला आणि तेव्हाच्या प्रशिक्षकांसह दोघांवर बंदी आली. त्या हंगामानंतर मेलबर्नला ड्राफ्टमधल्या पहिल्या दोन्ही निवडी मिळाल्या होत्या. पहिला, टॉम स्कली, दोन वर्षांत नव्याने निघालेल्या ग्रेटर वेस्टर्न सिडनीकडे गेला. दुसऱ्या, जॅक ट्रेंगोव्हला कोवळ्या वयात कर्णधार करण्यात आले आणि त्याच्या खांद्यावर एका मोडकळीस आलेल्या क्लबचे ओझे आले. त्या क्लबला विजेतेपद मिळायला २०२१ उजाडले, आणि ते या दोघांपैकी कोणाच्याही हातून आले नाही. हरण्याची सवय लावून घेतलेल्या ड्रेसिंग रूममध्ये कितीही गुणी मूल आणून ठेवले तरी ते आधी तीच सवय शिकते, असे माझे मत त्या उदाहरणावरून झाले आहे.

आम्ही होबार्टला जिंकलो, आणि चांगल्या फरकाने जिंकलो. शीझल, वॉर्डलॉ आणि बाकीची पोरे एकमेकांच्या गळ्यात पडत होती. वीस पराभवांनंतर विजयाचे गाणे म्हणताना त्यांपैकी कोणाच्याही मनात हार्ली रीड नव्हता, आणि का असावा? आपलीच जागा घ्यायला येणाऱ्या मुलासाठी आपण हरावे, असे कोणत्या खेळाडूला वाटेल? पराभव मागणारे आम्ही, प्रेक्षकांत बसलेले, संघाच्या आजच्या मुलांना उद्याच्या एका मुलाच्या बदल्यात विकायला निघालो होतो. शेजारच्या गृहस्थांना मी पुढच्या हंगामात याविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, की जिंकायचे नसेल तर घरी बसावे. मला याहून काही वेगळे ऐकायचेही नव्हते.

रीड वेस्ट कोस्टला गेला. दुसऱ्या क्रमांकाने आमच्याकडे कोल्बी मॅकर्चर आला आणि चौथ्याने झेन डुर्स्मा. डुर्स्मांचे घराणे गिप्सलँडमधल्या फॉस्टर या लहानशा गावातले. थोरला झेव्हियर लीगमध्ये खेळतो, बहीण महिलांच्या लीगमध्ये खेळली, आणि २०२५ च्या ड्राफ्टमध्ये धाकटा विलेम तर थेट पहिल्या क्रमांकाने वेस्ट कोस्टकडे गेला. मधल्या झेनची सुरुवात मात्र खडतर झाली. उडी सुंदर, हात मऊ, पण आघाडीच्या फळीत खेळणाऱ्याला चेंडूच येत नसेल तर त्याने काय करावे? काही वेळा त्याला राखीव संघात पाठवले गेले आणि लगेच चौथ्या क्रमांकाचा हिशेब मांडणारे पुढे सरसावले. मला तो आवडतो, आणि या आवडीला आकडेवारीचा आधार नाही हेही सांगून टाकते. चुकलेल्या गोलनंतर तो मान खाली घालत नाही.

मॅकर्चरची गोष्ट वेगळी. लॉन्सेस्टनचा हा तस्मानियन मुलगा धावू लागला की मैदान लहान वाटते. २०२४ मध्ये पायाच्या दुखापतीने त्याचा हंगाम मध्येच तोडला, तरी जेवढे पाहिले तेवढ्यावरून मी त्याच्या पुढच्या दहा वर्षांची स्वप्ने रंगवून मोकळी झाले. त्याच्याबद्दलची चिंता गुडघ्याची किंवा घोट्याची नाही, नकाशाची आहे. तस्मानियाला लीगने २०२३ मध्ये स्वतःच्या संघाचा परवाना दिला असून तस्मानिया डेव्हिल्स २०२८ मध्ये मैदानात उतरायचे आहेत. दीडशे वर्षे या खेळाला खेळाडू पुरवूनही स्वतःचा संघ नसलेल्या त्या बेटावर आता संघ उभा राहतो आहे आणि त्यांना आपली मुले परत हवी आहेत. नॉर्थ स्वतः २०१२ पासून वर्षातले काही ‘घरचे’ सामने होबार्टला खेळत आला, त्यामुळे तस्मानियाच्या या इच्छेला अयोग्य म्हणण्याचा अधिकार निदान आम्हांला नाही. तरीही मी रात्री-अपरात्री मनातल्या मनात मोजते, २०२८ मध्ये मॅकर्चर किती वर्षांचा असेल. बावीस-तेवीस. म्हणजे पन्नास सामने होऊन, नेमका फळाला येण्याच्या वयात.

ड्राफ्टचे वरचे क्रमांक म्हणजेच सर्व काही नव्हे, हे नॉर्थच्या पाठीराख्याला खरे तर कोणी सांगायला नको. आघाडीचा निक लार्की ७३ व्या क्रमांकाने आला आणि २०२३ मध्ये, तीनच सामने जिंकणाऱ्या संघात, त्याने ७१ गोल केले. रकमन, म्हणजे वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी घेणारा उंच खेळाडू, ट्रिस्टन झेरी ७२ वा होता. आणि ब्रेंट हार्वी, ज्याच्याविषयी बोलताना या क्लबमधल्या लोकांचा आवाज बदलतो, तो १९९५ मध्ये ४७ व्या क्रमांकाचा, जेमतेम उंचीचा पोरगा होता. तो २०१६ मध्ये निवृत्त झाला तेव्हा ४३२ सामने हा लीगच्या इतिहासातला विक्रम होता.

पण आशेला वरच्या क्रमांकांचेच वेड असते, आणि क्लार्कसन यांच्यामुळे ते आणखी वाढले. स्वतः नॉर्थकडून खेळलेला हा माणूस २००४ च्या अखेरीस हॉथॉर्नचा प्रशिक्षक झाला. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये हॉथॉर्नने दुसऱ्या क्रमांकाने जॅरिड रफहेड, पाचव्याने लान्स फ्रँकलिन आणि सातव्याने जॉर्डन लुईस घेतला. २००८ मध्ये विजेतेपद आले, मग २०१३, २०१४ आणि २०१५ अशी लागोपाठ तीन. नॉर्थचा प्रत्येक पाठीराखा गेली काही वर्षे शीझल म्हणजे कोण, वॉर्डलॉ म्हणजे कोण, असा त्या तिघांशी जोड्या लावण्याचा खेळ खेळत आला आहे. मीही तो खेळले आहे. या खेळात गोल्ड कोस्टचे नाव कोणी काढत नाही. २०११ मध्ये लीगमध्ये आलेल्या त्या क्लबला वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकांची मुले मिळत गेली आणि बरीचशी करार संपताच घरी परतत गेली. पहिल्या अंतिम फेरीसाठी त्यांना २०२५ पर्यंत थांबावे लागले. हॉथॉर्न आणि गोल्ड कोस्ट यांच्यातला फरक मुलांच्या गुणवत्तेचा नव्हता. हॉथॉर्नची मुले राहिली. ल्यूक हॉजसारखा आधीच तिथे असलेला वडीलधारा खेळाडू त्यांना मिळाला, आणि ती एकमेकांबरोबर शंभर-शंभर सामने खेळली.

वाट न पाहण्याचा एक मार्ग आमच्याच इतिहासात आहे. १९२५ मध्ये लीगमध्ये आलेला हा क्लब १९७२ मध्ये एकच सामना जिंकून तळाला होता. तेव्हा लीगने, दहा वर्षे एका क्लबकडे खेळलेल्या खेळाडूला हवे तिकडे जाऊ देणारा नियम थोड्या काळासाठी केला, आणि नॉर्थने त्याचा फायदा उठवत एसेन्डनचा बॅरी डेव्हिस, जीलाँगचा डग वेड आणि साउथ मेलबर्नचा जॉन रँटल यांना आणले, रॉन बरासी यांना प्रशिक्षक केले, आणि तीन वर्षांत विजेतेपद पटकावले. तो नियम लवकरच गुंडाळला गेला. आता पगारावर मर्यादा आहे, तसे धाडस कोणाला परवडणार नाही. तरी २०२५ साठी सिडनीहून ल्यूक पार्कर, वेस्टर्न बुलडॉग्जकडून केलेब डॅनियल आणि वेस्ट कोस्टकडून जॅक डार्लिंग आणण्यामागे त्याच इतिहासाची थोडीशी आठवण असावी. हे तिशीच्या आसपासचे खेळाडू क्लबला विजेतेपद देतील म्हणून नव्हे, तर चौथ्या क्वार्टरमध्ये पाच गुणांनी पुढे असताना काय करायचे हे मुलांना कोणी तरी मैदानात उभे राहून सांगावे म्हणून. त्या हंगामात पाच विजय आणि एक बरोबरी झाली. बाहेरच्याला हसू येईल, पण गेल्या सहा वर्षांतले हे आमचे सर्वोत्तम वर्ष होते.

आणि वाट पाहण्याचे फळ कसे दिसते तेही आर्डन स्ट्रीटवरच पाहायला मिळते. आमच्या महिला संघाने २०२४ आणि २०२५ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे एकही सामना न हरता मिळवली. २०२३ मध्ये अंतिम सामन्यात ब्रिस्बेनकडून हरल्यावर संघ मोडून नव्याने बांधा, असे कोणी म्हणाले नाही. जॅस्मिन गार्नर, अॅश रिडेल यांच्यासारख्या, क्लबच्या पहिल्या महिला हंगामापासून एकत्र असलेल्या खेळाडू तशाच राहिल्या आणि पुढच्या दोन्ही वर्षी अंतिम सामन्यात त्यांनी ब्रिस्बेनलाच हरवले. पुरुष संघाचे सामने पाहून थकलेल्या आम्हा पाठीराख्यांना त्या संघाने जिंकणे म्हणजे काय असते ते दाखवले. डोळे मिटून चेंडू मागे दिला तरी तिथे कोणी तरी असणारच, ही खात्री एका ड्राफ्टमध्ये निवडता येत नाही.

२०२४ च्या नोव्हेंबरात दुसऱ्या क्रमांकाने फिन ओसुलिव्हन आला. चेंडू हातात आला की त्याची मान आधी वर येते. मग त्याच ड्राफ्टमध्ये क्लबने एक जुगार खेळला. २०२५ मधली आपली पहिल्या फेरीतली निवड रिचमंडला देऊन त्या बदल्यात २७ वा क्रमांक घेतला आणि मॅट व्हिटलॉक या उंच मुलाला निवडले. त्याचा जुळा भाऊ जॅक काही क्रमांकांनंतर पोर्ट अॅडलेडकडे गेला. जन्मापासून एकत्र असलेल्या दोन भावांची त्या ड्राफ्टमध्ये दोन राज्यांत वाटणी झाली. वर्षभर आम्ही जिंकलो की लोक म्हणत, बरे झाले, रिचमंडची निवड खाली गेली, आणि हरलो की पराभव दुप्पट लागे. तो व्यवहार महाग होता असेच मला आजही वाटते. पण त्याचा हिशेब व्हिटलॉकच्या पाठीवर लिहिला जाऊ नये. किंमत क्लबने ठरवली, त्याने नाही. उंच खेळाडूंना तर पन्नास सामनेही पुरत नाहीत.

टार्निट, ट्रुगॅनिना या भागांत आता रविवारी सकाळी ऑसकिकच्या, म्हणजे लहान मुलांना फुटी शिकवणाऱ्या, शिबिरांत मराठी आई-वडील थंडीत कुडकुडत उभे असतात आणि त्यांची पाच-सहा वर्षांची मुले त्या टोकदार चेंडूच्या लहरी टप्प्यामागे धावत असतात. शेजाऱ्यांच्या अशाच एका मुलाने शीझलचा क्रमांक पाठीवर लावून घेतला आहे. त्याची आई मला विचारते, की या शीझलचे पुढे काही होईल ना, की हाही जाईल दुसरीकडे? या प्रश्नात अठरा वर्षांच्या मुलांकडून आम्ही काय मागतो ते सगळे आले आहे. आम्हांला त्यांचा खेळ हवा असतो आणि वर, आमच्यासारखेच, आपल्या नसलेल्या जागेला आपले मानणे हवे असते. आम्ही ती जागा स्वतः निवडली होती, त्यांनी निवडली नव्हती, हा फरक सोयीने विसरला जातो.

येत्या हंगामाकडून माझी मागणी अगदी मर्यादित आहे. अंतिम फेऱ्या मी मागत नाही. वॉर्डलॉची हॅमस्ट्रिंग एक वर्ष शांत राहावी. तो, शीझल, मॅकर्चर, ओसुलिव्हन आणि डेव्हिस-युनियाकी हे पाचही जण एकाच संघात, एकाच वेळी, दहा-पंधरा सामने लागोपाठ खेळावेत. आजवर या मधल्या फळीविषयी आपण जे काही बोललो आहोत ते बहुतांशी कागदावरच राहिले आहे, कारण दर आठवड्याला त्यांच्यातला कोणी ना कोणी उपचारांच्या खोलीत असतो. डुर्स्माकडे चेंडू जरा लवकर यावा. व्हिटलॉकला कोणी सत्ताविसाव्या क्रमांकाची किंमत विचारू नये. क्लार्कसन यांचा पाच वर्षांचा मूळ करार २०२७ पर्यंतचा आहे, आणि डेव्हिल्स २०२८ मध्ये येतात. या दोन तारखांच्या मध्ये जे व्हायचे ते होईल. मॅकर्चर तस्मानियाला गेलाच, तर हुर्यो उडवणाऱ्यांत मी नसेन. मात्र त्याने आमच्याविरुद्ध गोल केला तर टाळ्या वाजवण्याइतकी उदार मी झालेले नाही.